सकाळचे मामलेदार, दुपारचे मॅजिस्ट्रेट

स्वतःचं स्वतःशी पटत नाही आणि तरीही मनानं तृप्त आहे, असा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. सोलापूरला आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे मामलेदार. मी तेव्हा नुकती सनद घेऊन वकिली करू लागलो होतो, म्हणजे काळा कोट घालून कचेरीच्या व्हरांड्यात पक्षकाराची वाट पाहू लागलो होतो. ते चाळिशी उलटलेले, उंच, किंचित वाकलेले, आणि बोलता बोलता डोळे मध्येच कुठेतरी लांब निघून जाणारे गृहस्थ होते. सगळं शहर त्यांना रावसाहेब म्हणे. इंग्रज सरकारच्या त्या दिवसांत मामलेदार हा तालुक्याचा सर्वेसर्वा असे. सारा तोच वसूल करी, हुकूम तोच काढी, हुकूम मोडणाऱ्याला धरून आणायला तोच सांगे, आणि धरून आणलेल्या माणसाला दुपारी मॅजिस्ट्रेटच्या खुर्चीत बसून शिक्षाही तोच सुनावी. बाकीच्या मामलेदारांना यात काही वावगं वाटत नसे, उलट सोय वाटे. रावसाहेबांना मात्र या गोष्टीची मनापासून लाज वाटे. "सकाळी मी ज्याला धरून आणा म्हणतो, तो दुपारी मला निर्दोष वाटायला लागला तर सकाळचा मी खोटा ठरतो," ते एकदा मला म्हणाले होते. "आणि माणसाला बाकी सगळं चालतं हो, स्वतः खोटं ठरणं चालत नाही."

सरकारनं ही दोन कामं वेगळी केली नव्हती, म्हणून रावसाहेबांनी ती आपल्यापुरती वेगळी केली. कचेरीला दोन दारं होती. दुपारचं जेवण झालं की ते मामलेदार म्हणून मागच्या दारानं बाहेर पडत, लिंबाच्या झाडाखाली पट्टेवाल्याकडून हातपाय धुवायला पाणी घेत, आणि मग सोलापूरच्या त्या पांढऱ्या रणरणत्या उन्हात सगळ्या इमारतीला वळसा घालून पुढच्या दारानं मॅजिस्ट्रेट म्हणून आत येत. खोली तीच, टेबल तेच, दौतही तीच. पण त्या वळशात काहीतरी होत असे खरं. आत शिरणाऱ्या माणसाची चालही थोडी निराळी वाटे. एकदा ते झाडाखाली पाय धूत असताना लांबच्या खेड्यातून आलेल्या एका शेतकऱ्यानं त्यांना विचारलं, "मामलेदारसायेब कुटं भेटत्याल?" रावसाहेबांनी अगदी प्रामाणिकपणे इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाले, "आत्ताच गेले. आता उद्या सकाळी." तो बिचारा धर्मशाळेत मुक्काम करून सकाळी परत आला, आणि समोर कालचाच माणूस बसलेला पाहून तसाच उंबऱ्यात थबकला. रावसाहेबांनी त्याला बसायला घोंगडी टाकायला सांगितली, ताक पाजलं, आणि त्याचं काम सगळ्यांच्या आधी केलं. पण आदल्या दिवशी आपण काही गैर सांगितलं, असं त्यांना अखेरपर्यंत पटलं नाही.

फौजदाराची तर त्यांनी पार दमछाक केली होती. हा फौजदार भला माणूस, पण त्याला कानात बोलायची सवय. सकाळी मामलेदारांना तो एखाद्या आरोपीची सगळी कुळकथा सांगे, आणि दुपारी खटला उभा राहिला की टेबलाजवळ वाकून म्हणे, "सकाळी बोललो त्याप्रमाणं, साहेब." रावसाहेब वर बघत. "कोणाशी बोललात?" "आपल्याशीच." "ते मामलेदारांशी बोललात. मला सांगायचं असेल तर त्या पिंजऱ्यात उभं राहा, शपथ घ्या आणि सगळ्यांना ऐकू येईल असं सांगा." फौजदार पिंजऱ्यात जाई आणि शपथ घेतल्यावर सकाळच्या हकिकतीतली निम्मी हकिकत आपोआप गळून पडे. पुढं पुढं तो सकाळीसुद्धा जपून बोलू लागला. रावसाहेबांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, त्यांचं दुःख वेगळंच होतं. "ह्यांना भाजीला पाठवावं कसं, तुम्हीच सांगा," त्या मला म्हणत. "वांगं किडकं आहे की चांगलं हे विकणारीनं सांगायचं, आपण गिऱ्हाईक, आपण निवाडा करायचा नाही, असं म्हणून तिनं दिली ती वांगी घेऊन येतात." त्या वांग्यांचं भरीत आणि शेंगांची चटणी मी त्यांच्या ओसरीवर कितीदा खाल्ली असेल. किडकी वांगी कशी निवडून टाकायची, हे वहिनींना मात्र उत्तम जमे, आणि रावसाहेबही ताटातलं भरीत फार आवडीनं खात.

संध्याकाळी आम्ही दोघं सिद्धेश्वराच्या तलावाकाठी फिरायला जात असू. उन्हाची धग उतरू लागलेली असे, गिरणीचा भोंगा होऊन गेलेला असे आणि विणकरांच्या गल्लीतल्या मागांची खटखट लांबून, पाण्यावरून येत असल्यासारखी ऐकू येई. पाण्यात देवळाचं शिखर हलकेच थरथरत राही. रावसाहेब त्याच्याकडे पाहत चालत आणि म्हणून पुष्कळदा कुणावर तरी आदळत. या फिरण्यात कोर्टाचा शब्द काढायचा नाही, असा त्यांचा कडक नियम होता. आम्ही आकाशावर बोलत असू, ज्वारीवर बोलत असू, त्यांच्या लहानपणीच्या करकंब गावच्या बाजारावर बोलत असू. आणि दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यापुढे वकीलपत्र घेऊन उभा राहिलो, की हाच माणूस चष्म्यावरून बघून विचारी, "आपलं नाव?" पहिल्या वेळी मला राग आला. मग मी दर खेपेला गंभीरपणे नाव सांगू लागलो, आणि ते दर खेपेला तितक्याच गंभीरपणे ऐकून घेत. फिरताना एखाद्या वेळी मात्र ते आपणहून थांबत आणि स्वप्नात बोलल्यासारखे म्हणत, "कधी काळी कचेरी आणि कोर्ट यांच्यामध्ये एक भिंत उभी राहील. चांगली दगडी. अलीकडचा आवाज पलीकडे जाणार नाही अशी." मग त्यांचे डोळे पाण्यावर जात. त्या पलीकडच्या खोलीत कोण बसलेलं असेल हे त्यांना दिसत असावं, असं मला वाटे.

अशातच तो उन्हाळा आला. विहिरी आटल्या, शहराला पुरेल इतकं पिण्याचं पाणी बाहेरच्या एका तलावातच काय ते उरलं. त्या तलावावर कुणी जनावरं नेऊ नयेत, असा हुकूम निघाला. मामलेदारांचे वरिष्ठ असलेल्या प्रांतसाहेबांच्या सांगण्यावरून निघाला, पण खाली सही रावसाहेबांची होती. मग एका सकाळी पोलिसांनी एका धनगर बाईला धरून आणलं. धोंडाबाई तिचं नाव. मंगळवेढ्याकडच्या कोरड्या माळावरून मेंढरं हाकत ती चाऱ्यापाण्याच्या शोधात इकडे आली होती, आणि तलाव दिसला तसा कळप पाण्यावर उतरला होता. मेंढरं कोंडवाड्यात गेली, बाई पिंजऱ्यात आली. तिच्या भावानं मला वकील केलं, कारण व्हरांड्यात रिकामा उभा असलेला वकील मीच होतो.

दुपारी रावसाहेब वळसा घालून आले, खुर्चीत बसले आणि समोरचे कागद वाचू लागले. वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरत गेला. मग ते उभे राहिले. "हा हुकूम मी काढलेला आहे," ते म्हणाले. "तो मोडला म्हणून तक्रारही माझ्याच नावानं आहे. म्हणजे या खटल्यात मी साक्षीदार आहे. साक्षीदारानं स्वतःच खुर्चीत बसायचं आणि स्वतःवर विश्वास ठेवायचा की नाही ते स्वतःच ठरवायचं, हे मला जमणार नाही. खटला दुसऱ्याकडे द्यावा असं मी वर कळवतो." मी मेंढरं सोडण्याचा अर्ज पुढे केला. "तोही माझ्यापुढे चालत नाही," ते म्हणाले. तेवढ्यात धोंडाबाई पिंजऱ्यातून म्हणाली, आवाज न चढवता, "सायेब, तुमचं काय ते ठरंल तवा ठरंल. माझ्या मेंढरांला आत्ता तान लागलीया. ती कशी दम धरत्याल?"

रावसाहेबांनी समोरचे कागद मिटले. ते तसेच बाहेर पडले. लिंबाखाली बराच वेळ उभं राहिलेलं मी त्यांना खिडकीतून पाहिलं. एरवी ते मागच्या दारानं बाहेर येत आणि पुढच्या दारानं आत जात, त्या दिवशी ते पुढच्या दारानं बाहेर येऊन मागच्या दारानं आत गेले. आत जाऊन त्यांनी पट्टेवाल्याला बोलावलं. कचेरीतल्या आणि प्रांतसाहेबांच्या बंगल्यावरच्या वाळ्याच्या पडद्यांवर शिंपडायला रोज पाण्याची गाडी येत असे. ती गाडी कोंडवाड्याकडे वळवायचा हुकूम त्यांनी मामलेदार म्हणून दिला. कचेरीतले वरिष्ठ कारकून, म्हणजे शिरस्तेदार, घाबरून म्हणाले, "रावसाहेब, हे चालेल का? खटला उभा आहे." त्यावर रावसाहेब शांतपणे म्हणाले, "बाई दोषी आहे का, हे ठरवायला न्यायाधीश लागतो. जनावराला पाणी पाजायला लागत नाही." मामलेदारकीची त्यांना नेहमी लाज वाटे. त्या दुपारी ती पहिल्यांदाच त्यांच्या उपयोगी पडली, असं शिरस्तेदार मला पुढं सांगत. गाडी रोज जाऊ लागली, मेंढरं जगली, आणि प्रांतसाहेबांच्या बंगल्यावरचे वाळ्याचे पडदे कोरडे पडले.

प्रांतसाहेब उकाड्यानं आणि रागानं लाल होऊन कचेरीत आले. तरुण इंग्रज अधिकारी, मराठी बरी बोलत. खटला तुम्हीच चालवा आणि तीन ओळींत संपवा, असं त्यांनी रावसाहेबांना बजावलं. रावसाहेबांनी नम्रपणे नाही म्हटलं. "तुम्ही सरकारच्या बाजूचे आहात की त्या बाईच्या?" प्रांतसाहेबांनी विचारलं. रावसाहेबांनी, त्यांच्या सवयीप्रमाणे, प्रश्नाचा मनापासून विचार केला. "सकाळी सरकारच्या," ते म्हणाले. "दुपारी मला बाजू नसते, साहेब." प्रांतसाहेब निघून गेले आणि त्यांनी खटला एका ऑनररी मॅजिस्ट्रेटकडे दिला.

हे ऑनररी मॅजिस्ट्रेट म्हणजे चाटी गल्लीतले एक कापडवाले सेठ. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि कोर्टात शक्यतो काहीच न बोलणारे, गुबगुबीत, देवभोळे गृहस्थ. हा मान आपल्याला सरकारनं दिला आहे, तेव्हा निकालही सरकारला आवडेल असाच द्यावा, अशी त्यांची साधी समजूत होती. फौजदारानं मान हलवली की ते शिक्षा देत आणि मग रात्रभर त्यांना झोप येत नसे, असं लोक म्हणत. मी मनातून खटला हरल्यातच जमा धरला होता. त्यातून आमचं फिरणंही बंद झालं होतं. मी आरोपीचा वकील, ते साक्षीदार. आता आपण बोलणं बरं नाही, असा निरोप रावसाहेबांनी वहिनींकरवी पाठवला होता. संध्याकाळी सिद्धेश्वराच्या तलावाच्या एका काठानं ते जात आणि दुसऱ्या काठानं मी. मधल्या पाण्यावरून आम्ही एकमेकांना दिसत असू. ते हात वर करत नसत, मीही करत नसे.

खटल्याच्या दिवशी पुकारा झाला आणि रावसाहेब साक्षीदाराच्या पिंजऱ्याकडे निघाले, तसे सेठ घाईघाईनं खुर्चीतून उठले. "हे कसं बरं दिसेल, रावसाहेब? तुम्ही हितं बसा की. मी तिकडं बसतो." लोक हसू लागले. रावसाहेब हसले नाहीत. "सेठ, आज ती खुर्ची तुमची आहे," ते म्हणाले. "मला उभं राहू द्या. आणि मी खोटं बोलतोय असं वाटलं तर तसं लिहा." सेठ हळूच खाली बसले, पण अर्ध्याच खुर्चीवर.

मी उलटतपासणीला उभा राहिलो. या हुकमाची दवंडी कुठे पिटली, मी विचारलं. शहरातल्या पेठांतून, ते म्हणाले. माळावर पिटली का? नाही. बाई शहरातली आहे का? नाही. "तर मग तिला हुकूम ठाऊक होता असं आपलं मत आहे का?" रावसाहेबांनी मान हलवली. "मत मला विचारू नका, वकील. जे मी पाहिलं ते विचारा. मत द्यायचं काम त्या खुर्चीचं." सेठ त्या शब्दांनी जरा मागे सरकून बसले. तलावावर पाटी होती का, मी विचारलं. होती, असं रावसाहेब म्हणाले, आणि लगेच धोंडाबाई आपल्या भावाला हळू पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मेंढरं पाटी वाचत्यात व्हय?"

आता एकच प्रश्न राहिला होता, आणि तो विचारावा की नाही हे मला कळत नव्हतं. धोंडाबाईनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "आमच्या आदी तितं घोडी पानी पीत हुती. लई चांगली घोडी." ते घोडे कुणाचे हे शहरात सगळ्यांना माहीत होतं. मी विचारलं तर रावसाहेब खोटं बोलणार नाहीत, हेही माहीत होतं. आणि खरं बोलले तर त्यांची नोकरी या गावात राहणार नाही, हेही. मी कागद चाळत उभा राहिलो. वर पाहिलं तेव्हा रावसाहेब माझ्याकडे बघत होते. त्या डोळ्यांत विनवणी नव्हती, भीती नव्हती. फिरताना मी मागे पडलो की पुढं थांबून ते जसे वाट पाहत, तसे ते वाट पाहत होते.

"त्या सकाळी तलावावर आणखी कुणाची जनावरं होती?" मी विचारलं.

"होती. प्रांतसाहेबांचे घोडे."

"हुकमात घोड्यांना सूट होती?"

"नव्हती."

"मग ते कुणी पकडले नाहीत?"

"ते काम मामलेदारांचं होतं," रावसाहेब म्हणाले. "शिपायानं त्यांना येऊन सांगितलं होतं. मामलेदारांनी काही केलं नाही."

"मामलेदार म्हणजे?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे उत्तर कधी दिलं नसावं. "मी," ते म्हणाले.

फौजदारानं सेठांकडे पाहून मान हलवली. सेठांनी सवयीनं रावसाहेबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, काही खूण मिळते का म्हणून. रावसाहेब खिडकीतून बाहेर पाहत होते. सेठांनी रुमालानं घाम पुसला. मग फौजदाराकडे पाहिलं, मग बराच वेळ धोंडाबाईकडे पाहिलं, आणि या सगळ्या वेळात ते हळूहळू मागे सरकत पूर्ण खुर्चीवर बसले. "साहेब सांगतात ते खरंच आहे बघा," ते म्हणाले. "हिला सांगितलंच न्हाई, तर हिनं मोडलं काय? जा बाई तुमी. मेंढरं घेऊन जा." आणि मग त्यांनी तसंच लिहिलं. पुढल्या खेपेला सरकारनं त्यांना तो मान दिला नाही. सेठ पुढं कितीतरी वर्षं दुकानात खण फाडता फाडता गिऱ्हाइकांना सांगत, "मी एकच निकाल दिला, पण दिला." त्या दिवसापासून त्यांना झोप चांगली लागे म्हणत.

रावसाहेबांची बदली कोकणातल्या एका आडबाजूच्या तालुक्याला झाली. जाण्याआधीच्या संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली आणि आम्ही पुन्हा सिद्धेश्वराच्या तलावावर गेलो. त्या दिवशी त्यांनी स्वतःच नियम मोडला. "तुम्ही विचारलंत ते फार बरं केलंत," ते म्हणाले. "मी सकाळच्या माणसाला नुसतं नाकारत आलो. त्याला कधी कुणी जाब विचारलाच नाही." पाण्यात शिखर हलत होतं. परत येताना ते एका फुलवालीवर आदळले, तिची क्षमा मागून सगळी फुलं त्यांनी घेतली, आणि ती वहिनींना न देता मग केलेल्या टांग्यातच विसरले. वहिनी जाताना मला एवढंच म्हणाल्या, "तिकडं मासळी असते. आता हे कोळणीवर विश्वास ठेवतील."

पुढं स्वराज्य आलं आणि काही वर्षांनी मामलेदार आणि मॅजिस्ट्रेट कायद्यानंच वेगळे झाले. रावसाहेब तेव्हा नव्हते. मी म्हातारा झालो होतो, वकिली जवळजवळ सोडली होती. तरी त्या आठवड्यात मी मुद्दाम नव्या कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसलो. न्यायाधीश पोरसवदा होता, त्याला सर्दी झाली होती. पोलिसांनी आणलेला एक हातगाडीवाला त्याच्यापुढे उभा होता. न्यायाधीशानं पोलिसांना दोनचार प्रश्न विचारले, पुरावा नाही म्हणून त्याला सोडून दिलं, नाक पुसलं आणि पुढचा पुकारा करायला सांगितला. कुणाला काही विशेष वाटलं नाही. हातगाडीवालासुद्धा पाय ओढत निघून गेला. मध्ये न्यायाधीशाचं लक्ष माझ्याकडे गेलं. "आजोबा, तुमचं काही काम आहे का?" त्यानं विचारलं. मी उठून उभा राहिलो. सांगावंसं पुष्कळ वाटलं. "नाही," मी म्हणालो, "जरा बसतो." "बसा की," तो म्हणाला, आणि पुन्हा कागदांत वाकला. मी दुपार उतरेपर्यंत तिथेच बसून राहिलो.